हमबकरचं वायरिंग आणि हमचा बंदोबस्त: खान्देशातल्या गिटारवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ इकडून इलेक्ट्रिक गिटारच्या वायरिंगबद्दल, म्हणजे अँपमधून येणारा घूंऽऽ आवाज (हम) आणि तो मारणारा दोन कॉइलचा पिकअप (हमबकर) याबद्दल, जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र टाकतोय, कारण प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो. घाई असेल तर निदान दुसरं उत्तर नीट वाचा, बाकी जवळपास सगळं त्यातूनच निघतं.

अँप चालू केला की घूंऽऽ असा आवाज येत राहतो, वाजवत नसलो तरी. हा येतो कुठून?

तारांखाली बसलेला पिकअप म्हणजे काय, तर चुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढे गुंडाळलेली तांब्याची तार, साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, केसापेक्षाही बारीक. या कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की तिच्यात व्होल्टेज तयार होतं. गिटारची तार हलली की क्षेत्र बदलतं, तो आपला आवाज. पण घरातली प्रत्येक वायर, पंख्याची मोटर, ट्यूबलाईटचा जुना चोक, अँपचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, हे सगळे पण आपापलं क्षेत्र सोडत असतात आणि ते सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतं कारण आपली लाईन २३० व्होल्ट ५० हर्ट्झची आहे. कॉइलला काय कळतंय कुठलं क्षेत्र तारेचं आणि कुठलं कूलरचं, ती दोन्ही उचलते आणि अँप दोन्ही मोठं करून देतो.

५० हर्ट्झ म्हणजे बास गिटारच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी आहे ना, ४९ हर्ट्झचा, त्याच्या जरासा वर. छोट्या प्रॅक्टिस अँपचा स्पीकर एवढं खालचं नीट काढत नाही, म्हणून तुम्हाला बऱ्याचदा त्याचे वरचे भाऊबंद म्हणजे १५०, २५० हर्ट्झ ऐकू येतात.

मग हमबकर हा आवाज मारतो कसा? दोन कॉइल असतात एवढं माहितीये.

दोन कॉइल असून भागत नाही, त्या जोडल्या कशा त्यावर सगळं आहे.

आधी हे लक्षात घ्या की हम आणि तारेचा आवाज कॉइलमध्ये वेगवेगळ्या वाटेने शिरतात. हम बाहेरून येतो, त्याला पिकअपमधल्या चुंबकाशी काही देणंघेणं नाही. चुंबक काढून बाजूला ठेवा, हम तसाच येईल. हमची दिशा फक्त एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे करंटच्या दृष्टीने कॉइल कुठल्या बाजूने फिरते, उजवीकडून की डावीकडून.

तारेचं तसं नाही. स्टीलची तार ही मुळात चुंबक नसते, पिकअपचं चुंबक तिला चुंबक बनवतं आणि मग ती हलली की कॉइलमधलं क्षेत्र बदलतं. म्हणून तारेच्या सिग्नलची दिशा दोन गोष्टींवर ठरते, कॉइल कुठल्या बाजूने फिरते आणि चुंबकाचा कुठला ध्रुव तारेकडे तोंड करून आहे. कॉइल उलटी केली तर सिग्नल उलटा होतो, चुंबक उलटं केलं तरी सिग्नल उलटा होतो, आणि दोन्ही उलटं केलं तर? उलट्याचं उलटं, म्हणजे परत सुलटं. शाळेत उणे गुणिले उणे अधिक शिकवलं होतं तेच.

आता दोन कॉइल शेजारी ठेवा. पहिली सुलटी, नॉर्थ वर: हम अधिक, तार अधिक. दुसरी उलटी, साऊथ वर: हम उणे, कारण कॉइल उलटी, पण तार अधिक, कारण कॉइलही उलटी आणि चुंबकही उलटं. दोघींना एकामागे एक जोडलं, म्हणजे सिरीजमध्ये, की अधिक हम आणि उणे हम एकमेकांना खाऊन टाकतात, आणि तारेचा आवाज अधिक अधिक मिळून वाढतो. झालं. हमबकरमध्ये कुठलाही फिल्टर नाही, चिप नाही, बॅटरी नाही, नुसती बेरीज वजाबाकी आहे.

एक गोष्ट बरेच जण चुकीची धरून बसतात, की दुसरी कॉइल मशीनवर खरोखर उलट्या दिशेने गुंडाळलेली असते. गरज नाही. बहुतेक हमबकरमध्ये दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळतात आणि जोडताना पहिलीचा शेवट दुसरीच्या शेवटाला जोडतात. पहिलीत करंट आतून बाहेर जातो, दुसरीत बाहेरून आत येतो, म्हणजे ती आपोआप उलटी झाली.

म्हणजे आत दोन चुंबकं असतात का?

नेहमीच्या हमबकरमध्ये एकच असतं. खाली मधोमध एक चपटी पट्टी असते, अल्निको किंवा सिरॅमिक, आणि तिची एक कड नॉर्थ तर दुसरी साऊथ. एका कॉइलमधले स्क्रू या कडेला टेकतात, दुसऱ्या कॉइलमधले लोखंडी खुंटे त्या कडेला, त्यामुळे एका कॉइलवर नॉर्थ आणि दुसरीवर साऊथ आपोआप मिळतो. ही पट्टी कोणी उलटी बसवली तरी त्या पिकअपचा हम वाढत नाही, कारण दोन्ही ध्रुव एकदम बदलले आणि एकमेकांच्या विरुद्ध राहिलेच. त्याचा त्रास होतो तो दुसऱ्या पिकअपसोबत वाजवताना, ते पुढे येतंय.

हे कोणी शोधलं?

गिटारमधला जो हमबकर आपण ओळखतो तो गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरचा. पेटंटचा अर्ज १९५५ चा, १९५७ पासून गिब्सनच्या गिटारवर हे पिकअप लागायला लागले आणि पेटंट हातात आलं १९५९ मध्ये. मधल्या काळात पिकअपच्या खाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असं स्टिकर असायचं, म्हणून त्या जुन्या पिकअपना आजही लोक पीएएफ म्हणतात आणि त्यांच्या किमती ऐकून चक्कर येते. त्याच सुमारास रे बट्स याने स्वतंत्रपणे तीच कल्पना ग्रेच कंपनीच्या फिल्टरट्रॉन पिकअपमध्ये आणली. हम मारण्यासाठी दोन कॉइल वापरायची युक्ती त्याच्याही आधीची आहे, पण गिटारवर ती रुळवली या दोघांनी.

ऑनलाईन हमबकर मागवला, त्याला चार रंगांच्या वायरी आणि एक उघडी तार आहे. कुठली कुठे?

चार वायरी म्हणजे दोन कॉइलची चार टोकं, उघडी तार म्हणजे शील्ड, ती कायम ग्राउंडला जाते, तिच्यावर डोकं खाजवू नका. रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि सगळा घोळ इथेच होतो, कारण व्हिडिओत बघितलेला असतो एका कंपनीचा आणि हातात असतो दुसऱ्याच कंपनीचा.

सेमूर डंकनचा असेल तर काळी हॉट, म्हणजे सिग्नलची वायर, स्विच किंवा व्हॉल्यूम पॉटकडे (आवाज कमीजास्त करायच्या बटणाकडे) जाणारी. लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावून ठेवायच्या, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओचा असेल तर लाल हॉट, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. बघा, काळी वायर एका कंपनीत हॉट आहे आणि दुसरीत मधला जोड आहे. बिनानावाच्या स्वस्त पिकअपमध्ये यातलं काहीही असू शकतं, त्यांच्यासाठी खालचं उत्तर.

रंगांचा कागद नाही, कंपनीचं नाव नाही. आता काय?

मीटर काढा. काट्याचा जुना मीटर असेल तर उत्तम, डिजिटल पण चालतो पण त्याचे आकडे दमादमाने बदलतात म्हणून जरा लक्ष ठेवावं लागतं.

पहिलं काम, जोड्या शोधणे. मीटर २० के ओहमवर ठेवा आणि वायरी दोन-दोन करून तपासा. ज्या दोघींमध्ये साधारण ३ ते ८ के दिसेल त्या एका कॉइलच्या. बाकीच्यांत काहीच दिसणार नाही. दोन जोड्या सापडल्या की कुठली जोडी स्क्रूवाल्या कॉइलची आणि कुठली दुसरीची ते पण लिहून ठेवा, ते कळायला पुढचीच टेस्ट कामाला येते.

दुसरं काम, दिशा शोधणे. मीटर तसाच ओहमवर, ऑटोरेंज असेल तर रेंज हाताने पक्की करा. लाल प्रोब एका वायरीला, काळा दुसरीला, क्रोकोडाईल क्लिपने पकडलं तर हात मोकळे राहतात. आता लोखंडी स्क्रूड्रायव्हरचा जाड दांडा त्या कॉइलच्या खुंट्यांवर आडवा टेकवा. टेकवताक्षणी आकडा एकदम वर उडी मारेल किंवा खाली जाईल आणि परत जागेवर येईल, आणि उचलताना बरोबर उलटं होईल. चुकीच्या कॉइलवर टेकवला तर उडी फार छोटी दिसते, त्यावरून जोडी कुठल्या कॉइलची ते कळतं. टेकवताना आकडा वर गेला तर लाल प्रोब ज्या वायरीवर आहे तिला कागदी टेपवर अधिक लिहून चिकटवा. खाली गेला तर प्रोब अदलाबदल करा आणि परत बघा. दुसऱ्या कॉइलचं पण असंच. पंखा बंद ठेवा, हे हमसाठी नाही सांगत, टेपचे तुकडे उडतात.

आता जोडणी सोपी आहे. पहिल्या कॉइलची अधिक वायर हॉट. तिची दुसरी वायर दुसऱ्या कॉइलच्या अधिक वायरीला जोडा. दुसऱ्या कॉइलची उरलेली ग्राउंडला. अशाने तारेचा आवाज दोन्हीकडून एकाच दिशेने आला, आणि दोन्ही कॉइलवरचे ध्रुव विरुद्ध असल्यामुळे हम आपोआप कटला, त्याच्यासाठी वेगळं काही करायचं नाही.

ध्रुव खरंच विरुद्ध आहेत का ते बघायचं असेल तर साधं होकायंत्र पुरे. एका कॉइलवर सुईचं एक टोक ओढलं जाईल, दुसरीवर दुसरं. दोन्हीवर तेच टोक ओढलं गेलं तर आतलं चुंबक कोणीतरी गडबडीत बसवलंय किंवा तो मुळात हमबकरच नाही, आणि मग तुम्ही काहीही जोडा, एकतर आवाज मिळेल नाहीतर शांतता मिळेल, दोन्ही मिळणार नाही.

डब्यावर ८ के लिहिलंय आणि माझ्या मीटरवर ८.८ के दाखवतंय. डुप्लिकेट आलाय का?

मोजलं कधी? मे महिन्यात दुपारी मोजलं असेल तर पिकअप बरोबर आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० डिग्रीला ८ के असलेला पिकअप ४५ डिग्रीच्या जळगावात ८.८ के दाखवणारच, हिशोब करून बघा. थंडीत मोजा, परत ८ च्या आसपास येईल. तसंही नुसत्या रेझिस्टन्सवरून पिकअप किती जोरात वाजेल हे ठरत नाही, तार बारीक वापरली तरी आकडा वाढतो, त्यामुळे ओहमचे आकडे दाखवून कोणी जास्त पैसे मागत असेल तर हसून सोडून द्या.

सगळं जोडलं भाऊ, पण आवाज एकदम पातळ, नाकातला झाला आणि हम उलट वाढला. काय झालं?

एक कॉइल उलटी जोडली गेली. वरचा हिशोब आठवा: आता तारेचा आवाज अधिक-उणे होऊन कटतोय आणि हमची बेरीज होतेय, म्हणजे बरोबर उलटा पिकअप बनवला तुम्ही. थोडा पातळ आवाज उरतो कारण दोन्ही कॉइल तारेच्या वेगवेगळ्या जागेखाली बसलेल्या असतात, दोघींमध्ये पावणेदोन-दोन सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे वरच्या सुरांमध्ये पूर्ण वजाबाकी होत नाही. उपाय एवढाच की कुठल्याही एकाच कॉइलच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी टाका. दोन्हीच्या बदलल्या तर परत तिथेच याल.

हा प्रॉब्लेम लगेच ओळखू येतो. हम आणि पातळ आवाज हे दोन्ही एकत्र असतील तर चूक पिकअपच्या आत, म्हणजे दोन कॉइलच्या जोडात आहे. आवाज पातळ पण हम नाही, आणि तेही फक्त दोन पिकअप एकदम लावल्यावर, तर ते पुढचं प्रकरण.

नेक (गिटारच्या मानेकडचा) आणि ब्रिज (तारा खाली जिथे टेकतात तिकडचा) हे दोन पिकअप वेगवेगळे छान वाजतात, पण स्विच मधे केला की पातळ होतं.

दोन हमबकर एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल अधिक असतो तेव्हा दुसऱ्याचा उणे. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले की हे होऊ शकतं. हम इथे वाढत नाही कारण प्रत्येक पिकअपने आपला हम घरातच मिटवलेला असतो. चार वायरी असतील तर कुठल्याही एका पिकअपची हॉट आणि ग्राउंडची वायर अदलाबदल करा, उघडी शील्ड मात्र ग्राउंडलाच ठेवा.

जुन्या पद्धतीची एकच जाळीदार वायर असेल तर हे करता येत नाही. तिथे बाहेरची जाळी हीच ग्राउंड असते आणि ती पिकअपच्या धातूच्या झाकणाला आणि तळाला जोडलेली असते, ती हॉट केली तर अख्खं झाकण हम उचलायला लागेल, हात लागला की खर्रर्र. अशा वेळी खालची चुंबकाची पट्टी उलटी करतात. फ्लीटवूड मॅक बँडच्या पीटर ग्रीनच्या प्रसिद्ध लेस पॉल गिटारचा मधल्या पोझिशनचा तो विचित्र पोकळ आवाज नेकच्या पिकअपचं चुंबक उलटं असण्यामुळेच होता असं धरलं जातं, म्हणजे काहींना हा दोष मुद्दाम हवा असतो. तुम्हाला तोच आवाज आवडला तर दुरुस्त करायची काही सक्ती नाही.

कॉइल स्प्लिट केलं की हम परत येतो. वायरिंग चुकलं का?

नाही, स्प्लिट म्हणजेच एक कॉइल बंद करणे. डंकनच्या रंगात सांगायचं तर लाल-पांढरीचा जोड पुश-पुल पॉटने (ओढलं-दाबलं की स्विचसारखं चालणाऱ्या बटणाने) ग्राउंडला टेकवला की हिरवी-लालवाली कॉइल दोन्ही टोकांनी ग्राउंडला जाऊन मुकी होते आणि फक्त काळी-पांढरीवाली वाजते. एकटी कॉइल म्हणजे सिंगल कॉइल, तिचा हम कापायला दुसरी कोणी नाही.

पातळ, चमकदार आवाज पण हवाय आणि हम नको असं असेल तर स्प्लिटच्या ऐवजी पॅरलल करा. काळी आणि लाल मिळून हॉट, पांढरी आणि हिरवी मिळून ग्राउंड. दोन्ही कॉइल चालू राहतात, हम कटलेलाच राहतो, रेझिस्टन्स ८ के वरून २ के वर येतो, व्हॉल्यूम थोडा पडतो आणि आवाज उघडा होतो. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या लायटीत स्प्लिटपेक्षा पॅरलल कितीतरी कामाचं आहे आणि लोक ते करतच नाहीत, कारण जाहिरातीत स्प्लिट लिहिलेलं असतं. तीन पोझिशनचा ऑन-ऑन-ऑन डीपीडीटी टॉगल मिळाला तर सिरीज, स्प्लिट, पॅरलल तिन्ही एकाच बटणात बसतं.

स्प्लिटच ठेवायचं असेल तर एक युक्ती: ब्रिजच्या पिकअपची जी कॉइल चालू ठेवाल, नेकची त्याच्या विरुद्ध चालू ठेवा, म्हणजे एकीकडे नॉर्थवाली, दुसरीकडे साऊथवाली. स्विच मधे असताना या दोन एकेकट्या कॉइल मिळून परत हमबकर बनतो. आणि कॉइल टॅप वेगळं, त्यात एकाच कॉइलच्या मधूनच वायर काढून कमी वेढे वापरतात. दुकानदार दोन्हीला टॅप म्हणतात, तुम्ही विचारून घ्या.

माझी गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाईप आहे, तीन सिंगल कॉइल. दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला हम गायब होतो. भूत आहे का?

मधला पिकअप आहे. बऱ्याच गिटारमध्ये मधल्याची कॉइल आणि चुंबक दोन्ही बाजूच्यांच्या उलट असतात, त्यामुळे तो शेजाऱ्याबरोबर वाजला की दोघांचा मिळून हमबकर होतो, फक्त पॅरललमध्ये. एकेकटा लावला की हम परत. जाझ बास या बास गिटारचे दोन पिकअप दोन्ही पूर्ण उघडले की शांत होतात ते पण याच हिशोबाने, आणि एकाचा व्हॉल्यूम जरा कमी केला की लगेच हम डोकावतो कारण बेरीज बरोबरीची राहत नाही.

हमबकर लावला तरी आवाज येतोच आहे. हाऊ आवाज कसाना शे भो?

आधी आवाज कुठला ते ओळखा, मग सोल्डरिंग आयर्न तापवा. गिटारची केबल अँपमधून काढून टाका. आवाज तसाच राहिला तर गिटारचा काही संबंध नाही, अँपचा नाहीतर अ‍ॅडाप्टरचा प्रश्न आहे. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवून बघा, तो ९८ हर्ट्झचा असतो, हम त्याच्याशी जवळपास जुळत असेल आणि दोन्ही मिळून सेकंदाला दोनदा डुलत असतील तर तो १०० हर्ट्झचा आहे, आणि तो बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या थकलेल्या कॅपॅसिटरचा असतो. तो मेकॅनिकलाच दाखवा, आत हाय व्होल्टेज असतं, ट्यूब अँप असेल तर स्वतः अजिबात उघडू नका.

केबल लावल्यावरच आवाज येत असेल तर गिटार गळ्यात घालून जागेवर गोल फिरा. फिरताना आवाज कमीजास्त होत असेल तर तो चुंबकीय हम, म्हणजे कॉइलमधून येणारा. हमबकर असून तो येत असेल तर तुम्ही त्या यंत्राच्या फार जवळ बसलाय. दूरचं क्षेत्र दोन्ही कॉइलवर सारखं पडतं म्हणून कटतं, पण कूलरची मोटर हातभर अंतरावर असेल तर एका कॉइलला जास्त आणि दुसरीला कमी मिळतं आणि फरक उरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर बंद करून वाजवा असं कोणाला सांगायची सोय नाही, पण दोन-तीन हात लांब सरकता येतं. अँपच्या डोक्यावरच बसून वाजवायची पण सवय सोडा, त्याचा ट्रान्सफॉर्मर आत असतो. भुसावळला रुळाला लागून घर असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, रेल्वेची ओव्हरहेड लाईन २५ हजार व्होल्टची आणि तीही ५० हर्ट्झचीच.

फिरून फरक पडत नाही, पण तारांना हात लावला की आवाज एकदम कमी होतो? मग तो बझ आहे, झर्रर्र असा वरच्या सुरातला, आणि तो विद्युत क्षेत्रातून येतो. त्यावर दोन कॉइलचं वायरिंग पुरेसं नाही, शील्डिंग लागतं. आतल्या खड्ड्याला तांब्याची टेप लावा, प्रत्येक तुकडा शेजारच्याला सोल्डरने जोडा, आणि सगळं मिळून एका जागी ग्राउंड करा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमरवाले एलईडी आणि लाईट गेल्यावर चालणारा साधा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर, हे बझचे मोठे कारखाने. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करायचंच असेल तर साईन वेव्हवाला घ्या. घरी बसून अहिराणी गाण्यांना गिटार देणारे बरेच पोरं आता लॅपटॉपवरच करतात, त्यांनी लॅपटॉपचा चार्जर काढून एकदा बॅटरीवर ऐकून बघावं, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आणि तारांना हात लावून काहीच फरक पडत नसेल, आवाज दोन्हीकडे तेवढाच, तर ब्रिजच्या खाली जाणारी ग्राउंडची वायर तुटली आहे का बघा. ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू यांच्यात मीटरने शून्याच्या जवळ ओहम यायला पाहिजे.

कोणी सांगितलं अँपची अर्थिंगची पिन काढून टाक, हम जातो. काढू का?

नाही. कधीकधी हम जातो हे खरं आहे, कारण दोन यंत्रं दोन ठिकाणी अर्थ झाली की त्यांच्यात लूप तयार होतो आणि पिन काढली की तो तुटतो. पण तुमच्या गिटारच्या तारा अँपच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. अँपमध्ये लाईनचा फेज (जिवंत वायर) बॉडीला लागला आणि अर्थिंग नाही, तर तो करंट तुमच्या हातातून समोरच्या माईकच्या जाळीत जाणार. लूपवर उपाय म्हणजे सगळं एकाच बोर्डवरून घ्या, किंवा सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

लग्नाच्या मांडवात, कानबाईच्या कार्यक्रमात, यात्रेत जनरेटरवर वाजवता तेव्हा तर आधी मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब गिटारच्या तारेला आणि दुसरा माईकच्या जाळीला लावा. काही व्होल्टच्या वर दिसलं तर मंडपवाल्याला बोलवा, तो कितीही वैतागला तरी अर्थिंग झाल्याशिवाय केबल लावू नका. घरी पण तेच, आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक पडते आणि अर्थिंगचा खड्डा काम करेनासा होतो, त्यात अधूनमधून पाणी घालायचं असतं हे घर बांधताना इलेक्ट्रिशियन सांगून जातो आणि नंतर कोणी घालत नाही. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) बोर्डात असेल तर फार चांगलं.

पॉट २५० के घेऊ की ५०० के?

हमबकरला ५०० के, सिंगल कॉइलला २५० के. हमबकर मुळात जाड वाजतो, २५० के लावला तर उरलीसुरली चमक पण जाते. टोनचा कॅपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरड घ्या. याचा हमशी संबंध नाही.

नॉईज गेट घेतला तर हमबकरची गरज राहणार नाही ना?

गेट फक्त तुम्ही थांबल्यावर दार लावतो. वाजवताना दार उघडं असतं आणि हम सुरांसोबत आत येतोच. डिस्टॉर्शन जास्त असेल तर गेट पण लागतो, पण आधी मुळातला हम कमी करा, मग गेटला कमी काम राहील आणि लांबवलेला सूर मधेच कापला जाणार नाही.

स्ट्रॅटला हमबकर बसवायचा तर लाकूड कोरावं लागेल का?

मोठा बसवायचा तर पिकगार्ड कापावा लागतो आणि आतली जागा कमी असेल तर कोरावं पण लागतं. त्यापेक्षा सिंगल कॉइलच्या आकाराचे हमबकर मिळतात. काहींत दोन बारीक कॉइल शेजारी शेजारी असतात, काहींत एकीवर एक रचलेल्या. रचलेल्यात वरची कॉइल तारेचा आवाज घेते आणि खालची मुख्यतः हम कापायला असते, त्यामुळे आवाज सिंगल कॉइलच्या जवळ राहतो. सुतार न बोलावता हम घालवायचा असेल तर हाच रस्ता, फक्त घेण्याआधी आतल्या खड्ड्याची खोली मोजून ठेवा, रचलेले पिकअप उंच असतात आणि काही स्वस्त गिटारमध्ये ते खाली टेकतात.